राजापूरची वखार आणि पेठ

अर्जुना नदीकाठचे राजापूर हे सतराव्या शतकात आदिलशाहीचे नामांकित बंदर होते. घाटावरील मिरी व कापड येथून जहाजांत चढे. इंग्रजांनीही येथे वखार घातली. परंतु १६६० मध्ये त्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि इंग्रज व्यापाऱ्यांना कैद केले. पुढे खाडी गाळाने भरली, बंदरही मागे पडले. जवाहर चौकातील पेठ मात्र आजही चालते. पावसाळ्यात पुराचे पाणी दुकानांत शिरते. ते ओसरताच व्यापारी गाळ काढून दुकान मांडतात, कारण आसपासच्या खेड्यांचा बाजारहाट त्यांच्यावर अवलंबून असतो. युद्धाच्या सौद्यात पडलेली वखार मोडली. गिऱ्हाईक सांभाळणारी पेठ राहिली. पेढी चालविणाऱ्याने हे स्मरणात ठेवावे.