वेस्ट इंडीज नावाचा देश नाही

“तिथं व्हिसाच लागत नाही ना? मग राहा की वर्षभर!”

हे वाक्य मी नागपुरात लग्नाच्या पंगतीत ऐकलं, अंबाझरीला सकाळी फिरताना ऐकलं आणि गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीच्या जिन्यात ऐकलं. २९ जून २०२४ ला बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये भारतानं टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. कर्णधार रोहित शर्माचा जन्म नागपूरच्या बनसोडचा, त्यामुळे बार्बाडोस इथं घरोघरी पोचलं. ते ठीकच झालं, पण त्याच्यासोबत ही चुकीची माहितीही पोचली. जिन्यात मला अडवणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेत. मुलगी बार्बाडोसला डॉक्टरकी शिकते आणि काका-काकूंना तिच्याकडे आठ महिने जाऊन राहायचंय. तिकिटं काढायच्या बेतात होते. परतीचं तिकीट मात्र “मागाहून बघू” म्हणून सोडलेलं.

काकांना मी पहिली गोष्ट सांगितली, ती अशी की वेस्ट इंडीज नावाचा देश नाही. तो क्रिकेटचा संघ आहे. १९५८ मध्ये इंग्रजांच्या कॅरिबियनमधल्या वसाहतींचं एक संघराज्य झालं होतं, ते १९६२ मध्ये मोडलं. आज बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो, डोमिनिका, ग्रेनाडा हे वेगवेगळे देश आहेत. प्रत्येकाचं इमिग्रेशन खातं वेगळं, नियम वेगळे, फी वेगळी. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सची, तर प्वेर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातलं. “वेस्ट इंडीजला व्हिसा लागत नाही” या वाक्यातला देशच अस्तित्वात नाही, तर बाकीचं वाक्य खरं कसं असेल?

आता व्हिसाचं. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जायला बार्बाडोस आणि त्रिनिदादला आधी व्हिसा घ्यावा लागत नाही, हे खरं आहे. पण व्हिसा न लागणं म्हणजे पाहुणा म्हणून दार उघडं असणं. किती दिवस राहायचं हा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचं उत्तर विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारताना देतो. बार्बाडोस आणि त्रिनिदादची कमाल मर्यादा ९० दिवसांची, डोमिनिकाची सहा महिन्यांची. कमाल हा शब्द नीट वाचा. अधिकारी परतीचं तिकीट बघतो, राहण्याचा पत्ता विचारतो, खर्चाला पैसे आहेत का ते तपासतो आणि त्याला वाटलं तर कमी दिवस देतो. परतीचं तिकीट “मागाहून बघू” म्हणणाऱ्या माणसाला बहुधा विमान कंपनीच मुंबईत चढू देणार नाही, कारण उतरल्यावर परत पाठवलं तर तो भार तिच्यावर येतो.

यावर काकांनी लगेच दुसरी पळवाट सांगितली. तीन महिने झाले की शेजारच्या बेटावर जाऊन यायचं, मग पुन्हा तीन महिने. मला हे ऐकून खरोखर राग येतो. काकांचा नाही, त्यांना हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा. प्रत्येक प्रवेश हा नवा निर्णय असतो. अधिकाऱ्यासमोर जुने शिक्के असतात, आणि हा माणूस पाहुणा म्हणून येतोय की मुक्काम ठोकायला, हे त्याला कळतं. दुसऱ्यांदा दोन आठवडे मिळू शकतात, नकारही मिळू शकतो. बॅगा मुलीच्या घरी आणि आपण विमानतळावरून परत, अशी वेळ सत्तरीतल्या माणसावर येऊ नये.

“सगळ्या बेटांना मिळून एकच व्हिसा असतो” ही समजूत मात्र हवेतून आलेली नाही. २००७ च्या विश्वचषकासाठी कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेतल्या दहा देशांनी १ फेब्रुवारी ते १५ मे एवढ्यापुरती खरंच एक सामाईक प्रवासव्यवस्था केली होती. स्पर्धा संपली, व्यवस्थाही संपली. ऑक्टोबर २०२५ पासून बार्बाडोस, बेलीझ, डोमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट यांनी एकमेकांत मुक्त संचार सुरू केलाय, पण तो त्यांच्या स्वतःच्या नागरिकांसाठी. आपल्यासाठी नाही.

मग जास्त राहायचंच असेल तर? सरळ मार्ग आहे. मिळालेली मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याकडे मुदतवाढीचा अर्ज करायचा. सोबत कारण सांगणारं पत्र, मुलीच्या कॉलेजचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, बँकेचा उतारा आणि परतीचं तिकीट, पुढं ढकलता येणारं. मुदतवाढ मिळेलच असं नाही, पण प्रामाणिकपणे मागणाऱ्याचा अर्ज निदान वाचला जातो. मुदत उलटून राहिलेल्याच्या नावावर मात्र नोंद पडते, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाअर्जात त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

वर्षभर राहण्याची एक वाट बार्बाडोसनं जुलै २०२० मध्ये काढली. तिचं नाव वेलकम स्टॅम्प. बारा महिन्यांचा परवाना, एकट्याला २,००० डॉलर आणि कुटुंबाला ३,००० डॉलर फी, आरोग्यविमा आवश्यक. आणि अट अशी की पुढच्या बारा महिन्यांत देशाबाहेरच्या कामातून किमान ५०,००० डॉलर मिळतील, असं लिहून द्यायचं. म्हणजे चाळीस लाख रुपयांहून जास्त. तो दूरस्थ काम करणाऱ्या कमावत्या माणसासाठी आहे. पेन्शनवरच्या आईवडिलांना त्याचा उपयोग नाही. मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या एका मुलानं मला याबद्दल विचारलं, तेव्हा त्याला घड्याळही दाखवावं लागलं. बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. इथं सकाळी दहाला ऑफिस सुरू होतं, तेव्हा तिथं रात्रीचा साडेबाराचा ठोका पडलेला असतो.

वाटेतल्या विमानतळाचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. “अमेरिकेत फक्त विमान बदलायचं, बाहेर कुठं पडायचंय?” अमेरिकेनं व्हिसाविना ट्रान्झिटची सोय ऑगस्ट २००३ मध्येच थांबवली. मायामीत दोन तास थांबायचं असलं तरी भारतीयाला ट्रान्झिट किंवा पर्यटक व्हिसा लागतो आणि त्यासाठी नागपूरकराला बहुधा मुंबई गाठावी लागते. लंडनमार्गे जाताना एक खाच आहे. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं आणि कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. मधे रस्त्यानं जायचं म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश आलाच, आणि त्याचा व्हिसाही आला. स्वस्त तिकीट दिसलं की आधी त्याचे थांबे वाचा.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्यांमध्ये फिरणारी गोष्टही इथंच सांगते. कॅरिबियन क्रूझ करून आलं की अमेरिकेत नवे सहा महिने मिळतात, असं म्हणतात. मिळतीलच असं नाही. क्रूझ तीस दिवसांच्या आतली असली की अधिकारी बहुधा आय-९४ या प्रवेशनोंदीतल्या जुन्याच उरलेल्या मुदतीवर आत घेतात.

काकांची एक जुनी इच्छा आहे. १९७१ मध्ये त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला भारतानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, वाडेकर कर्णधार होते, सरदेसाईंनी ११२ काढले, गावसकरांचा तो पहिला सामना. काका तेव्हा शाळकरी होते. त्या सामन्याचं मैदान, क्वीन्स पार्क ओव्हल, त्यांना एकदा पाहायचंय. अवश्य पाहावं. पण त्रिनिदाद बेट पिवळ्या तापाच्या जोखमीच्या यादीत आहे. “तिथं कुणी लसीचं विचारत नाही,” असं त्यांना सांगितलं गेलं होतं. विचारणारा देश भारत आहे. त्रिनिदादहून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लसीच्या दाखल्याशिवाय मुंबईला उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूमुळे नागपूरकराला तो चांगला माहीत आहे. रोग मात्र अजून आलेला नाही. म्हणून एवढी कडक तपासणी. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, कारण ती जिवंत विषाणूची लस आहे. तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं. काकांच्या डॉक्टरांनी नको म्हटलं, तर ओव्हल या खेपेला राहील.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“आमचा मेडिक्लेम चालेल.” बहुतेक मेडिक्लेम भारतातल्या उपचारांपुरतेच असतात; प्रवासविमा वेगळा घ्या आणि त्यात एका प्रवासाला किती दिवस चालतात आणि जुने आजार धरलेत का, ते वाचा.

“आठ महिने बाहेर म्हणजे एनआरआय, म्हणजे कर नाही.” फिरायला गेलेला माणूस वर्षात ६० दिवस भारतात असला आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस असला, तर तो निवासीच राहतो. इथल्या पेन्शनवरचा कर तर कुठंही राहिलं तरी आहेच.

“हयातीचा दाखला आल्यावर देऊ.” नोव्हेंबर चुकला की पेन्शन थांबते. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. इथं असतानाच एकदा करून बघा.

“तिथं घर घेतलं की नागरिकत्व मिळतं.” काही बेटं ठराविक मोठ्या गुंतवणुकीवर ते देतात, पण ते स्वीकारलं की १९५५ च्या कायद्यानं भारताचं नागरिकत्व जातं.

“त्रिनिदादला सगळे आपलेच, हिंदी चालते.” १८४५ पासून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथं आहेत, पण त्यांची रोजची भाषा इंग्रजी.

“वादळं काय, एखाद्या दिवसाची असतात.” तिथला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे बार्बाडोसला अडकला, विमानतळ बंद झाला आणि मंडळी ३ जुलैला खास विमानानं निघू शकली. तुमच्या-आमच्यासाठी खास विमान येत नाही.

काका-काकूंनी आता जानेवारीच्या मध्यावर निघून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतायचं ठरवलंय. ऐंशी दिवस, परतीच्या तिकिटासकट. मुलीची परीक्षा पुढं गेलीच तर मुदतवाढीचा अर्ज मार्चच्या सुरुवातीलाच द्यायचा, हे काकूंनी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलंय.