‘कुटून दिली म्हणून काय बिघडतं?’

वृद्धाश्रमात जेवणाआधी खलबत्ता वाजला, तर तो मसाल्यासाठीच असेल असं नाही. गिळायला त्रास होणाऱ्या आजोबांच्या चार-पाच गोळ्या एकत्र कुटायच्या, पूड वरणभातात कालवायची आणि भरवून मोकळं व्हायचं. ही रीत इतकी रुळली आहे की तिला चूक कोणी म्हणतच नाही. ‘पोटात जाऊन विरघळणारच ना?’ असं मावशी म्हणतात, आणि भेटायला आलेला इंजिनिअर मुलगाही मान डोलावतो.

विरघळणार, पण कधी आणि कुठे हे ठरवायलाच तर गोळी तशी घडवलेली असते! नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असली की औषध कित्येक तास थोडं थोडं सुटत राहतं. कुटली, की दिवसभराचा डोस एकदम अंगात. मॉर्फिनने मग श्वास मंदावतो, रक्तदाबाच्या औषधाने दाब कोसळतो. ही पुस्तकी भीती नव्हे. ‘अ‍ॅनल्स ऑफ फार्माकोथेरपी’ने २००३ साली छापलेल्या प्रकरणात एका स्त्रीला रक्तदाबाच्या लॅबेटालॉलसोबत रक्तदाबाचीच, दीर्घकाळ सुटणारी नाइफेडिपिनची गोळी कुटून नळीवाटे दिली गेली, ती दगावली.

आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोलची गोष्ट उलटी. कुटताना गोळीचं आवरण फुटलं की औषध जठरातल्या आम्लातच निकामी होतं. गोळी दिली, तक्त्यावर सही झाली, उपयोग मात्र नाही.

‘मधे रेघ आहे, म्हणजे तोडता येते’ हा पुढचा वाद. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या, हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, हे खरं. पण अर्धी करणं म्हणजे पूड करणं नव्हे.

खरं तर उपाय साधा आहे. गिळता येत नाही हे डॉक्टरांना सांगायचं. सिरप, पाण्यात विरघळणारी गोळी, पॅच किंवा दुसरं औषध, असा काही मार्ग बहुधा निघतो. पण तेवढं एक वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

‘सिस्टर हुशार असली की चुका होत नाहीत’ हाही भ्रमच. ब्रिटनमधल्या ५५ केअर होम्सच्या २००९ सालच्या अभ्यासात २५६ पैकी १७८ जणांच्या औषधांत किमान एक चूक सापडली. त्यात डॉक्टर आणि औषध दुकानांच्या चुकाही होत्या. कारणांमध्ये कामाचा ताण होता आणि औषधं वाटताना येणारे व्यत्ययही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. राहिलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरून निघत नाही. तक्त्यावरची सही गोळी गिळून झाल्यावर करायची, आधी नाही. आणि संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिली गेल्याने माणसं दगावली आहेत. तक्त्यावर तिच्यापुढे वार लिहायलाच हवा.