शून्य दाखवणारा काटा खरा बोलतो का?



कोकणात आपले पूर्वज तेल गाळून मापाने विकत. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या मापावर असे. तेल निदान डोळ्यांना दिसते. वायू दिसत नाही, म्हणून त्याचे माप अधिकच चोख हवे.

कुवेतच्या दक्षिण किनाऱ्यावर खैरान आहे. त्याच्या उत्तरेस जवळच, अल-झोर येथे, २०२१ पासून जहाजांतून द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवला जातो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केल्यावर त्याचे आकारमान सुमारे सहाशेवा भाग उरते. हा वायू मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. हवेत त्याचे प्रमाण ५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून गळती ओळखायला वायुमापक लागतो.

पण तिथे उन्हाळ्यात पारा ५० अंशांवर चढतो. शिवाय धूळ आणि खारी हवा. अशाने वायुमापकाची जाणीव हळूहळू बोथट होते. मग तो खरा आहे हे ओळखायचे कसे?

शाळेत ताजव्यापाशी आम्ही मुलांना दोन गोष्टी करायला लावीत असू. आधी रिकाम्या पारड्यांनी काटा मध्यावर येतो का, ते पाहा. मग शिक्क्याचे वजन ठेवून ताडा. वायुमापकाचेही तसेच. स्वच्छ हवेत त्याने शून्य दाखवावे. नंतर ठाऊक प्रमाणाचा वायू त्याला द्यायचा. समजा, हवेत २.५ टक्के मिथेन दिला. हे ५ टक्क्यांच्या निम्मे, म्हणजे आकडा ५० यायला हवा. ४० आला, तर २० वर वाजायचा भोंगा प्रत्यक्षात २५ झाल्यावर वाजेल. तेव्हा आकडा पुन्हा जुळवून, तारखेसह नोंद ठेवायची. अजिबात हालचाल झाली नाही, तर तो भाग बदलायचा.

खरा धोका इथेच आहे. निकामी झालेला मापकही शून्यच दाखवतो, आणि माणूस निश्चिंत राहतो.

आपल्या घरांतही गॅसचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा असतो. बटण दाबल्यावर तो वाजतो; पण त्याने बहुधा भोंगा आणि बॅटरीच तपासली जाते, वायू ओळखणारा भाग नव्हे. वय वाढले की नाकही पूर्वीसारखे साथ देत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. म्हणून उपकरणाच्या पाठीवर छापलेली मुदत आजच पाहा. अक्षरे बारीक असतात. नातवंडांकडून वाचून घ्या. मुदत संपली असेल, तर भोंगा वाजत असला तरी तो बदला.