दिल्लीतला संसार वर्षातून दोनदा मांडावा

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून दिल्लीस आलेल्या मध्यम स्थितीतील कुटुंबाला पहिल्या वर्षाच्या आतच एक गोष्ट उमगते, ती ही की पुण्यास, नाशकास किंवा कोल्हापुरास एकदा लावलेले घर जसे वर्षानुवर्षे त्याच मांडणीत नांदते, तसे ते येथे नांदत नाही. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिसाशी जाऊन भिडतो आणि जानेवारीच्या पहाटे तोच चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे त्याच दोन-तीन खोल्यांत कूलर, पंखे, माठ आणि सुती चादरी यांचे एक घर आणि रजया, लोकरीचे कपडे, गीझर आणि शेगडी यांचे दुसरे घर अशी दोन घरे एकाच मिळकतीवर चालवावी लागतात. दिल्लीतील काटकसरीचा खरा कस भाजीवाल्याशी होणाऱ्या घासाघिशीपेक्षा या दोन घरांची आळीपाळीने होणारी मांडामांड कोण किती आधीपासून आखतो यात लागतो, असे माझे दीर्घ अनुभवांती झालेले मत आहे.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या खात्यांचा विस्तार झाला, तेव्हा कारकून, अधीक्षक, लेखापाल अशा नात्याने अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि लोदी कॉलनी, करोल बाग, पहाडगंज, तसेच पूर्वी विनयनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरोजिनी नगरात स्थिरावली. त्या पिढीच्या तुटपुंज्या पगाराला आधार देणाऱ्या संस्था हळूहळू उभ्या राहिल्या. १९५९ साली दिल्ली दूध योजना सुरू झाली. १९६३ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय भांडार स्थापन झाले. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन होऊन महागाई भडकली, तेव्हा सहकारी तत्त्वावरचा सुपर बाजार कॅनॉट प्लेसला उघडला. आणि १९७४ साली मदर डेअरी आली, जिच्या केंद्रावर आजही घरचे भांडे नेऊन सुटे दूध घेता येते व ते पिशवीच्या दुधापेक्षा स्वस्त पडते. सुपर बाजार २००२ साली बंद पडला, पण भांडार आणि डेअरी टिकून आहेत. सरकारी वसाहतींतले अंगण मात्र टिकले नाही. सरोजिनी नगरासह सात वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ साली मंजुरी मिळाली आणि जुन्या बैठ्या घरांच्या जागी मनोरे उठू लागले. इतर कुटुंबे तर त्याच्या कितीतरी आधीपासूनच द्वारका, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम अशी चहूकडे पांगली होती. अंगण आणि गच्ची गेल्यामुळे घराची मांडणी अधिक काळजीने करणे भाग पडले.

या मांडणीसाठी मला आपल्याच इतिहासातील एक व्यवस्था मार्गदर्शक वाटते. शिवकालीन राज्यकारभारात अठरा कारखाने होते. धान्याचा अंबरखाना, वस्त्रांचा जामदारखाना, बिछायतीचा फरासखाना, पाण्याचा आबदारखाना, कागदपत्रांचा दफ्तरखाना असा त्यांचा विभाग होता आणि प्रत्येक वस्तूला तिचे ठिकाण व तिचा हिशेब होता. लहान घरात पसारा होतो तो बहुधा जागा अपुरी असल्यामुळे होत नाही. कोणती वस्तू कोणाच्या अखत्यारीत आहे आणि ती वर्षातील कोणत्या महिन्यांत लागते, याचा निर्णय कोणीच न केल्यामुळे तो होतो.

फरासखान्यापासूनच प्रारंभ करू. दिल्लीच्या घरांत खालून पेटी असलेला दिवाण सर्रास आढळतो, आणि त्याचे कारण रजई हेच आहे. होळी झाली की रजया आणि स्वेटर दोन दिवस कडक उन्हात घालून, कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालून दिवाणात जावेत आणि त्याच दिवशी तेथून सुती चादरी, कूलरचे पडदे, मुलांचे उन्हाळी कपडे बाहेर निघावेत. दसऱ्याला याच्या उलट क्रम व्हावा. हा दुसरा बदल दिवाळीपर्यंत लांबवू नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण ऑक्टोबर संपता संपता दिल्लीवर धुराचे आणि धुळीचे जे मळभ साचते, त्यात रजईला ऊन लागत नाही, केवळ वास लागतो. कापसाची रजई तीन-चार वर्षांनी गठ्ठा होऊन थंड पडते, तेव्हा ती टाकून नवी घेण्याचे काही कारण नसते; पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून नव्या खोळीत भरून घेतला की नव्या रजईच्या किमतीच्या थोड्याशा अंशात ती पुन्हा उबदार होते. लोकरीचे कपडे फेब्रुवारीच्या अखेरीस, दुकानदार माल काढून टाकण्याच्या घाईत असताना, आणि तेही वाढत्या मुलांसाठी एक माप मोठे घ्यावेत.

आता विजेचा विषय, ज्यात थोडे गणित करणाऱ्या कुटुंबाचे खरोखरच भले होते. दिल्ली राज्यात ऑगस्ट २०१९ पासून महिन्यास २०० युनिटांपर्यंतच्या घरगुती वापराचे देयक शून्य येते. २०१ ते ४०० युनिटांपर्यंत निम्मी सवलत, कमाल ८०० रुपयांपर्यंत, मिळते. आणि ४०० ओलांडले की सवलत संपूर्ण जाऊन पहिल्या युनिटापासूनचे पैसे भरावे लागतात. ऑक्टोबर २०२२ पासून ही सवलत मागणी नोंदवणाऱ्यांनाच मिळते, तेव्हा भाडेकरूने मीटर कोणाच्या नावावर आहे आणि तशी नोंद झाली आहे की नाही, हे घरात पाऊल ठेवतानाच पाहावे. यमुनेपलीकडे नोएडा-गाझियाबादेत, किंवा गुरुग्राम-फरीदाबादेत ही सवलत नाही. भाड्याची तुलना करताना हा फरक जमेस धरलाच पाहिजे.

दोनशे युनिटे म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, एवढे एक सूत्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले की पुढचे वाद आपोआप मिटतात. शीतकपाटाला दिवसाला सुमारे एक युनिट लागते. जुन्या घडणीचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर नव्या बीएलडीसी घडणीचा तीसच्या आसपास. चार पंखे बारा तास चालले तर पहिल्या प्रकारात साडेतीन युनिटे आणि दुसऱ्यात दीड, म्हणजे केवळ पंख्यांमुळे महिन्यास साठ युनिटांचा फरक पडतो. कूलर दहा तासांत दोन युनिटे घेतो, दीड टनाचा एसी मात्र तेवढी वीज दीड-दोन तासांतच संपवतो.

एप्रिल, मे आणि जूनचा बराच भाग येथे हवा अत्यंत कोरडी असते आणि त्या हवेत कूलर उत्तम काम देतो. पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की तो निरुपयोगी होतो, कारण ओलसर हवेत पाण्याचे बाष्पीभवनच मंदावते. म्हणून ज्या घरी एसी आहे त्यांनी तो जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवावा आणि त्या दोन महिन्यांत ४०० च्या आत राहण्याचा निर्धार करावा. बाकीचे महिने २०० च्या आत बसवणे चौघांच्या घराला अशक्य नाही. कूलरच्या जाळीतले लाकडी तंतूंचे गवत दरवर्षी एप्रिलच्या आधी बदलावे, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अळ्या सापडल्यास महापालिका दंड करते तो निराळाच.

हे सारे पाळायला मीटर पाहण्याची सवय हवी, आणि तिला साधन आपल्या घरोघरी आहेच. १९७३ पासून मराठी भिंतींवर असलेल्या कालनिर्णयाच्या चौकोनांत दूध, इस्त्री, सिलिंडर लावल्याची तारीख यांच्या नोंदी आपल्या आया-आज्या करीत आल्या. त्याच चौकोनात दर रविवारी मीटरचा आकडा लिहावा. देयकाचा महिना एक तारखेस सुरू होतोच असे नाही, म्हणून मागील वाचनाची तारीख लाल शाईने खुणावी. पाण्याचेही थोडक्यात तसेच: दिल्ली जल मंडळाकडून महिन्यास वीस हजार लिटरपर्यंत पाणी विनामूल्य मिळते आणि मर्यादा ओलांडली तर सर्व पाण्याचा आकार लागतो, चौघांच्या कुटुंबाला ही मर्यादा पुरेशी आहे, फक्त गळके नळ आणि भरून वाहणारी गच्चीवरची टाकी यांचा बंदोबस्त वेळीच व्हावा.

अंबरखान्याकडे वळताना मन प्रसन्न होते, कारण दिल्लीचे हवामान साठवणीस जितके अनुकूल आहे तितके कोकणात किंवा घाटावर क्वचितच असेल. आपल्याकडे मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, बेगमी उरकावी लागते. येथे मोसमी पाऊस जूनच्या अखेरीस पोचत असल्याने सांडगे, कुरडया, पापड यांना दोन-तीन आठवडे अधिक मिळतात, आणि लू वाहू लागली की कुरडई एका दिवसात कडकडीत होते. फक्त संध्याकाळी अचानक उठणाऱ्या आंधीची धूळ सांभाळायला हवी. वाळवणावर मलमलीचे धोतर पसरून कडा दगडांनी दाबाव्यात. नवा गहू एप्रिलमध्ये बाजारात येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने त्याचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये ठरवला. त्यावर वाहतूक, दलाली आणि दळणाचा खर्च धरला तरी चक्कीवरून आणलेले पीठ बंद पाकिटातल्या पिठापेक्षा स्वस्त आणि सत्त्वाचे पडते. मात्र वर्षाचा गहू भरण्याचा मोह दोन खोल्यांच्या घराने टाळावा. क्विंटलभर गहू उन्हात तापवून घट्ट झाकणाच्या दोन कोठ्यांत भरला, तर पावसाळ्याचे दमट महिने निभावतात आणि सोंडेकिड्यांना शिरकाव मिळत नाही. डाळींना आणि तांदळाला एरंडेलाचा हात फिरवण्याची आपली रीत येथेही तितकीच उपयोगी आहे.

हिवाळ्यातला भाजीबाजार हे तर दिल्लीचे मोठेच औदार्य होय. मटार, गाजर, मुळा, मेथी, चाकवत, फ्लॉवर आणि आवळे डिसेंबर-जानेवारीत इतके मुबलक येतात की त्या दोन महिन्यांत कुटुंबाने भाजीखर्च वाढवण्याऐवजी साठवण वाढवावी: मटार सोलून शीतकपाटात, आवळ्याचा मोरावळा बरणीत, मेथी वाळवून डब्यात. आझादपूरची मंडई ठोक व्यापाराची असल्याने एकट्या घराला तेथवर जाणे परवडत नाही. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून पोते आणले तर गोष्ट वेगळी. एरवी सोम बाजार, बुध बाजार, शनि बाजार असे वारांच्या नावांनी भरणारे आठवडी बाजार पुरेसे आहेत, आणि रात्री दुकान आवरण्याच्या सुमारास तेथील भाव उतरतात. कोकम, गोडा मसाला गावाहून यावा हेच बरे. अडल्यास आयएनए मार्केटमध्ये देशभरचे जिन्नस मिळतात.

जमाखर्चाविषयी मात्र मला थोडे आग्रहीपणे लिहायचे आहे. आपली कुटुंबे हिशेब महिन्याचा ठेवतात, आणि दिल्लीचा खर्च महिन्यांच्या मापाने येत नाही. एप्रिलमध्ये शाळेचे शुल्क, गणवेश आणि नई सडकेवरची पुस्तके, उन्हाळ्यात कूलरची दुरुस्ती, मे महिन्यात झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसने गावी जाणे, भाद्रपदात मंडळाची वर्गणी, मग दिवाळी, मग लोकर. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, म्हणजे मे महिन्याची तिकिटे मार्चमध्ये काढावी लागतात आणि चौघांच्या जाण्यायेण्याचे पैसे नेमके शाळेच्या शुल्काच्या तोंडावर द्यावे लागतात. कर्ज होते ते येथे, आणि ते उधळपट्टीने झालेले नसते. म्हणून वर्षारंभी असे सर्व मोठे खर्च एका पानावर मांडून त्यांच्या बेरजेचा बारावा हिस्सा दरमहा पहिल्या तारखेस वेगळा काढावा. समजा बेरीज ९६,००० झाली, तर ८,००० रुपये ही पगारातून प्रथम वजा होणारी रक्कम. घरखर्चाचा आकडा तिच्यानंतर ठरावा. या तरतुदीचे खाते निराळे असावे आणि त्यातली उचल वहीत नोंदल्याखेरीज होऊ नये, असा शिरस्ता पाडावा.

हा कारभार कोणी करायचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजवर तो गृहिणीच्या स्मरणशक्तीवर चालत आला: नळ किती वाजता येतो, सिलिंडर कधी संपेल, कोणाचा स्वेटर तोकडा झाला, हे सारे तिने एकटीने मनात वागवायचे आणि वर द्वारकेहून किंवा गाझियाबादेहून तासाभराचा प्रवास करून कचेरीही गाठायची. हे अन्याय्य आहे आणि कारभाराच्या दृष्टीने धोक्याचेही आहे, कारण ती आजारी पडली की सारे दप्तरच बंद पडते. मीटरचे वाचन दहा वर्षांच्या मुलाने करावे, गहू-दळण आणि कूलरची टाकी पुरुषाने पाहावी, वही रविवारी सर्वांसमोर उघडावी. किफायत करताना धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा पगार आणि तिची आठवड्याची सुट्टी यांना हात लावू नये. तिच्या दिवाळीची रक्कमही त्या वार्षिक पानावर आधीच लिहिलेली असावी.

नव्याने बदली होऊन येणाऱ्यांनी दोन्ही ऋतू अनुभवल्याशिवाय मोठे कपाट, पलंग किंवा एसी घेऊ नये. घर पाहताना भाड्याच्या आकड्यापाशी थांबू नये. सर्वांत वरच्या मजल्याचे भाडे बहुधा कमी असते, पण जूनमध्ये त्याचे छत मध्यरात्रीपर्यंत उष्णता टाकीत राहते आणि वाचलेले पैसे विजेच्या देयकात जातात. तळमजल्यावर उन्हाळा सुसह्य जातो, पण जानेवारीत ऊन न आल्यास कपडे वाळत नाहीत आणि शेगडी दिवसभर पेटती ठेवावी लागते. दक्षिणेकडे सज्जा असलेला मधला मजला मिळत असेल, तर त्यासाठी महिन्यास थोडे अधिक भाडे द्यावे: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्याने त्या सज्ज्यात दुपारभर ऊन राहते, आणि उन्हाळ्यात तो माथ्यावर असल्याने खोलीत शिरत नाही.