आतड्यातला पंप आणि बोंडातली अळी

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या शिवारात कपाशी असेल, तिथे ऑक्टोबरअखेर एखादे हिरवे बोंड फोडून पाहावे. बाहेरून ते ठणठणीत दिसते. आत मात्र रुई पिवळी पडून चिकटलेली असते, सरकी पोखरलेली असते आणि मधोमध गुलाबी अळी असते. बीटीचे पाकीट घेताना हीच अळी मरणार, असा भरवसा होता. ती का मरत नाही, याचे उत्तर तिच्या आतड्याच्या पेशींत आहे.

या उत्तराची गोष्ट सुरू होते १९७६ साली, टोरांटोत. कोल्चिसिनसारखे विष पचवणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींवर रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना एक प्रथिन सापडले. त्याचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन. पेशीच्या पटलात बसून, ऊर्जा खर्चून, आत शिरलेले औषध ते बाहेर फेकते. १९८७ मध्ये ते माणसाच्या निरोगी आतड्यातही दिसले, तेही अन्नाकडच्या बाजूला. म्हणजे गिळलेल्या गोळीचा काही अंश पेशी आत घेते आणि लगेच आतड्यात परत टाकते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने हे पंप वाढतात आणि हृदयरोग्याच्या डिगॉक्सिनचे रक्तातले प्रमाण घटते, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. (डॉक्टरांना चालू असलेली प्रत्येक गोळी सांगायची, ती यासाठीच.) अशा वाहक प्रथिनांचे मोठे कुळ आहे, त्याला एबीसी म्हणतात. जिवाणूपासून माणसापर्यंत ते सगळ्यांत आहे, अर्थात बोंडअळीतही.

आता आपल्याकडे येऊ. २६ मार्च २००२ रोजी देशात बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली. त्यामागे शेजारच्या जालन्याची महिको होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभी केलेली ही कंपनी. २००६ मध्ये दोन विषांची दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ बियाणे आले. पहिल्या वर्षांत हिरव्या बोंडअळीची धास्ती गेली, फवारण्या घटल्या. ते यश खरे होते, ते नाकारण्यात अर्थ नाही.

बीटी कपाशीतले विष हे एक प्रथिन आहे. ते काम कसे करते, ते पाहू. अळीचे आतडे लोणारच्या सरोवरासारखे अल्कधर्मी असते. त्यात हे प्रथिन विरघळते, पाचकरसाने कापले जाते आणि पेशीच्या पटलावरच्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटते. मग पटलाला भोके पडतात, पेशी फुटतात आणि अळी मरते. बोलगार्ड-२ मधल्या दुसऱ्या विषाला चिकटायला जी जागा लागते, ती एबीसीए-२ या वाहकाची. गुलाबी बोंडअळीने नेमका हाच वाहक मोडून टाकला. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत त्याचे जनुक बिघडलेले असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या आतड्यातला पंप विषाला बाहेर फेकून वाचवतो. अळीने त्याच कुळातला एक वाहक गमावला आणि ती वाचली.

तोवर शेतात व्हायचे ते होऊन गेले होते. पहिल्या विषाला ही अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे सडली, वेचणीला कवडी कापूस हाती आला.

हे टळले असते का? माझ्या मते बरेचसे टळले असते. बिघडलेले जनुक आई-बाप दोघांकडून आले, तरच अळी विषापुढे टिकते. म्हणून शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशी लावायची. तिथले साधे पतंग टिकाऊ पतंगांशी जुळले की पिल्ले पुन्हा मरतात. त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे बियाणे येई. ते फार थोड्यांनी लावले. पण ते का लावायचे, हे शेतकऱ्याला नीट कुणी सांगितले? त्यात ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, तिला तूर-हरभऱ्याचा आसरा नाही. शिवाय आपले संकरित वाण लांब मुदतीचे, आणि फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही पीक राखले, की अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बिगर-बीटी कपाशीचे असे पट्टे पाळले, पुढे वांझ पतंग सोडले. २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचे सरकारने जाहीर केले. त्याच काळात, त्याच अळीपुढे, आपण हरत होतो.

सुलतानपूर असो की सिंदखेडराजा, एवढे करावे: जूनआधी पेरणी नको, कामगंध सापळे वेळेवर लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, आणि डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी शेतातून काढा. फरदडीच्या दोन-चार क्विंटलसाठी पुढच्या वर्षीचे पीक अळीच्या हवाली करू नका.