सनद हातात, परीक्षा बाकी

दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा माझी भाची आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी उधन्याला आमच्या घरी आली, चहा तसाच राहू दिला आणि म्हणाली, "मामा, मला येतं हो सगळं. तरी चार मार्क कुठे जातात?"

पुढचे काही महिने आम्ही दोघांनी त्या चार मार्कांचा शोध घेतला. सूरतेत लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या घरांमधली कितीतरी मुलं आज वकिली शिकताहेत. त्यांतले काही या परीक्षेत अडकतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी परीक्षा काय आहे ते. कायद्याची पदवी मिळाली की राज्याच्या बार काउन्सिलकडे नाव नोंदवायचं. आपल्याकडे ती गुजरात बार काउन्सिल, अहमदाबादला. तिथून सनद मिळते. पण २००९-१० आणि त्यानंतर पदवीधर झालेल्यांना तेवढ्यावर कायम वकिली करता येत नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाची अखिल भारतीय बार परीक्षा, जिला सगळे एआयबीई म्हणतात, ती नोंदणीपासून दोन वर्षांत पास व्हावी लागते. तेव्हा 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' मिळतं. पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. अशी परीक्षा घेण्याचा काउन्सिलला अधिकार आहे का, हा वाद अनेक वर्षं चालला आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने परीक्षा वैध ठरवली. त्यामुळे ती टळेल या आशेवर कोणी बसू नये.

कितीही वेळा बसता येतं, हे खरं. पण तारखा पाहा: ५ फेब्रुवारी २०२३, १० डिसेंबर २०२३, २२ डिसेंबर २०२४, ३० नोव्हेंबर २०२५. म्हणजे या काळात वर्षाला साधारण एक. दोन वर्षांच्या मुदतीत जेमतेम दोन संधी मिळत होत्या. त्या दोन्ही गेल्या की पास होईपर्यंत स्वतःच्या नावावर वकालतनामा भरता येत नाही. भाचीचं नेमकं तेच झालं. सीनियरच्या ऑफिसात बसून ती मसुदे लिहीत होती, कोर्टात मात्र मागे उभी राहत होती. म्हणून जे अजून शिकताहेत त्यांना सांगतो: २०२४ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू देतात. कॉलेज संपायची वाट पाहू नका.

शंभर प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, साधारण तीन तास. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४०. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा-टिप्पणी नसलेलं कायद्याचं कोरं पुस्तक, सोबत नेता येतं. हे ऐकून लोकांना वाटतं की पुस्तक समोर असताना नापास कोण होणार?

त्या पुस्तकानेच भाचीचा घात केला होता. उत्तरसूची आणि तिची उत्तरं शेजारी ठेवून आम्ही चुका वेगळ्या करायला बसलो. तिला मुळीच न आलेले प्रश्न थोडेच निघाले. बरेचसे शेवटच्या पंचवीस मिनिटांत घाईघाईने भरलेले होते, कारण आधीचा वेळ पानं उलटण्यात गेला होता. दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून पाहा. पुढे १५८ कलमं, त्यांच्या मागे ५१ ऑर्डर. तात्पुरत्या मनाई हुकमाचा प्रश्न आला की ती कलमांत शोधत बसायची. तो असतो मागे, ऑर्डर ३९ मध्ये. पूर्वनिर्णीत वाद मात्र पुढे, कलम ११ मध्ये. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा तर ऑर्डर ९, नियम १३. आपल्या घरात अंधारातही मिठाचा डबा हाताला लागतो, तसं या पुस्तकात फिरता यायला हवं. आम्ही रोज रात्री जेवणानंतर एवढंच करायचो. मी विषय सांगायचा, तिने अर्ध्या मिनिटात पान काढायचं. पहिल्या आठवड्यात दहातली चार पानं निघाली, महिन्याभरात नऊ निघू लागली. पुस्तकात पेन्सिलची खूणही चालत नाही, म्हणून सरावाची प्रत वेगळी ठेवली आणि परीक्षेची कोरी वेगळी.

चुकांचा दुसरा ढीग जुन्या आकड्यांचा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पहिल्यांदा बसणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. आधी एकदा घोकून बसलेल्याच्या डोक्यातून मात्र जुनं निघत नाही. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ झाली, हे निदान ऐकून माहीत असतं. फसवतात ते आकडे जे गेले नाहीत, फक्त घर बदलून बसले. १४४ म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ म्हणजे पोटगी आणि जमावबंदी गेली १६३ वर. ४८२ म्हणजे पूर्वी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, आता अटकपूर्व जामीन. ते अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये. असे आकडे भाचीने कपाटाच्या दारावर लिहून लावले होते. एखादं कलम सापडत नसेल तर अभ्यास वाया गेला असं समजू नये. बहुधा ते फक्त हललेलं असतं.

वेळ कुठे घालायचा याचा हिशेब अभ्यासक्रमातच आहे. घटना १०, न्याय संहिता ८, नागरिक सुरक्षा संहिता १०, दिवाणी प्रक्रिया १०, साक्ष्य ८. बेरीज ४६. पासापेक्षा एक मार्क जास्त. शंभरच्या शंभर कोणाला मिळत नाहीत, म्हणून त्यात कौटुंबिक कायदा ८ आणि करार, मालमत्ता, चेकचा कायदा यांचे एकत्र ८ धरा, ६२ होतात. सूरतेच्या मुलाला चेकचं प्रकरण नवं नसतं. रिंग रोडच्या कापड मार्केटात 'चेक रिटर्न' हा शब्द रोज कानावर येतो. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद, एवढं कलम १३८ आणि १४२ मधून नीट समजून घेतलं की तारखांचा प्रश्न चुकत नाही. वकिलांच्या आचारसंहितेला ४ मार्क आहेत आणि वाचायचं फार थोडं. ते सोडू नयेत. कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन यांना दोन-दोन. भाचीने पहिल्या खेपेला कर आणि कंपनी कायद्यावर महिना घालवला होता.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आपली मुलं पालिकेच्या मराठी शाळेत शिकतात, कॉलेज गुजरातीत करतात, कायद्याची पुस्तकं इंग्रजीत वाचतात. प्रश्नपत्रिकेची भाषा अर्जात निवडायची असते. मायबोली म्हणून तिने मराठी निवडली होती. पण कोर्टात ती रोज 'आगोतरा जामीन' आणि 'भरणपोषण' ऐकते, मराठीत वाचते 'अटकपूर्व जामीन' आणि 'पोटगी', आणि हातातलं पुस्तक इंग्रजी. प्रत्येक प्रश्नाचं मनातल्या मनात दोनदा भाषांतर करावं लागायचं. ज्या भाषेतलं पुस्तक परीक्षेला नेणार, त्याच भाषेतला पेपर घ्या. यात मराठीचा अपमान नाही.

प्रत्यक्ष पेपरला तिने ठरवलं ते असं: पहिल्या तासात पुस्तक उघडायचंच नाही, पक्कं येतं ते सोडवायचं. मग जिथे पान ठाऊक आहे तेवढेच प्रश्न पुस्तकातून काढायचे. शेवटची वीस मिनिटं उरलेल्या प्रत्येक गोलासाठी, कारण रिकामा गोल ठेवण्यात काहीच लाभ नाही. आणि सगळ्यांच्या आधी प्रश्नपत्रिकेच्या संचाचा कोड. तो भरला नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही निकाल अडतो.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. सर्टिफिकेटसाठी कागदपत्रं पाहताना लक्षात आलं की धुळ्याच्या दाखल्यावर नाव आधी आणि आडनाव शेवटी, तर गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी. सनदेवर जसं नाव आहे तसंच परीक्षेच्या अर्जात अक्षर न अक्षर भरलेलं होतं, म्हणून काम थांबलं नाही. त्या आठवड्यात अठवालाइन्सच्या कोर्टात तिने आपल्या नावाचा वकालतनामा दाखल केला. चेक रिटर्नचंच प्रकरण होतं. नोटिशीची तारीख तिने माझ्यासमोर दोनदा मोजली.