आरव्हीच्या टपावरचा वायफाय बूस्टर: पेटी विकत घेण्याआधीचं गणित

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा ओहायोहून फोन आला. ताई आणि भाऊजी सहा आठवड्यांसाठी आरव्ही भाड्याने घेऊन निघणार होते, सोबत पुण्याहून आलेले मावशी-काका. रजा मात्र दोनच आठवड्यांची. उरलेले चार आठवडे ताई गाडीतून काम करणार, आणि तिची टीम भारतात असल्यामुळे तिच्या मीटिंगा तिकडच्या रात्री नऊला. मॅनेजरने परवानगी दिली होती, पण 'कॉल तुटता कामा नये' या अटीवर. "तू वायरलेसमध्ये पीएचडी करतोयस ना? मग सांग, कोणता बूस्टर घेऊ? एकावर दोन मैल रेंज लिहिलंय."

मी म्हटलं, दोन मैल विसर. आणि मग फोनवर तासभर जे बोललो ते इथे लिहून काढतोय, कारण अमेरिकेतले तीन-चार वाचक यंदा उन्हाळ्यात हेच विचारून गेलेत.

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. 'बूस्टर' या एकाच शब्दाखाली दुकानात दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक मोबाइलच्या टॉवरचा सिग्नल वाढवणारी. दुसरी कॅम्पग्राउंडचं वायफाय लांबून पकडणारी. पहिलीला वायफायचं काही कळत नाही, दुसरीला टॉवरचं. हा लेख दुसरीबद्दल आहे.

आता 'रेंज' म्हणजे काय ते बघू. रेडिओ लहर पसरत जाते तशी पातळ होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की मिळणारी शक्ती चौथाईवर येते, आमच्या भाषेत ६ डेसिबल कमी. डेसिबलला घाबरू नका: ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला मोकळ्या हवेत २०० मीटर ओलांडताना साधारण ८६ डेसिबलचा तोटा होतो.

पण कॅम्पग्राउंड म्हणजे मोकळी हवा नव्हे. तिथे झाडं असतात, आणि झाडांसाठीच तर लोक जातात. पानांमधलं पाणी या लहरी शोषतं, फांद्या त्या विखुरतात. वाइसबर्गर यांचं १९८२ सालचं एक सूत्र आम्ही अजूनही ढोबळ अंदाजासाठी वापरतो. त्यात आकडे घातले तर ३० मीटर दाट पानांतून जाताना २.४ गिगाहर्ट्झला १२-१३ डेसिबल जातात, ५ गिगाहर्ट्झला सोळाच्या आसपास. म्हणजे एप्रिलमध्ये निष्पर्ण झाडांखाली मस्त चाललेली जागा जूनमध्ये रुसू शकते. यात चूक यंत्राची नसते.

मग आरव्हीची भिंत. एअरस्ट्रीमसारख्या गाडीचं अंगच ॲल्युमिनियमचं. आत बसून वायफाय शोधणं म्हणजे स्टीलच्या डब्यात बसून हाका ऐकणं. फायबरग्लासच्या गाड्या बऱ्या, पण त्यांच्याही सांगाड्यात आणि काचांवरच्या थरांत धातू असतो. आपण १० डेसिबल धरू.

बेरीज केली: ८६ अधिक १३ अधिक १०, म्हणजे १०९ डेसिबल. कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा ॲक्सेस पॉइंट अँटेनासकट २३ डीबीएम फेकतोय असं समजा. लॅपटॉपपाशी पोचतात उणे ८६. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास हवं असं मानतात. उणे ८६ ला वायफायचं चिन्ह दिसतं, नाव दिसतं, पासवर्डही घेतला जातो, आणि पान मात्र उघडत नाही. हा अनुभव तुम्हाला आला असेलच.

आता खरा मुद्दा, जो पेटीवर छापलेला नसतो. वायफाय म्हणजे रेडिओ केंद्र ऐकणं नव्हे, संभाषण आहे. तुम्ही पाठवलेलं प्रत्येक पाकीट पोचल्याची पावती समोरून यावी लागते, आणि त्याने पाठवलेल्याची तुमच्याकडून. समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलायला तुम्ही भोंगा आणलात, तर त्याला तुमचं ऐकू येईल. त्याचं उत्तर तुम्हाला ऐकू येईल का? भोंग्याने कान तीक्ष्ण होत नाहीत. 'हाय पॉवर' म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रं म्हणजे नुसता भोंगा. प्रेषणाची शक्ती वाढते, फायदा एकाच दिशेला. शिवाय अमेरिकेच्या एफसीसीच्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झवर त्यालाही मर्यादा आहे: यंत्रातून १ वॉट, आणि ६ डीबीआयचा अँटेना धरून एकूण ३६ डीबीएम.

अँटेनाचं तसं नाही. चांगला अँटेना म्हणजे कानामागे धरलेला हात आणि तोंडापुढे धरलेली ओंजळ, दोन्ही एकदम. ८ डेसिबलचा अँटेना जाताना ८ देतो, येतानाही ८ देतो. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न 'किती वॉट?' नसून 'अँटेना कोणता, आणि तो कुठे बसणार?' हा आहे.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. रेडिओ आणि ८ डीबीआयचा पॅनेल अँटेना टपावर ठेवला. भिंतीचे १० वाचले, अँटेनाचे ८ मिळाले. उणे ८६ चे झाले उणे ६८. उलट्या दिशेला तर लॅपटॉपच्या १५ डीबीएमऐवजी या रेडिओचे २३ मिळतात, म्हणजे तिकडे एकूण २६ डेसिबलची सुधारणा, चारशेपट! आणि आपण अजून ३१ डीबीएमवरच आहोत, कायद्याच्या आत.

इथे एक गोष्ट लोक हमखास बिघडवतात, मीही बिघडवली आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी गच्चीवर भारी अँटेना लावला आणि रेडिओ खाली टेबलावर ठेवला, मध्ये दहा मीटर बारीक केबल. आरजी-५८ जातीच्या त्या केबलमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल जातो. ९ डीबीआयचा अँटेना घेऊन मी दहा डेसिबल केबलला वाहिले होते. दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. एलएमआर-४०० सारखी जाड केबल मीटरमागे पावपेक्षाही कमी डेसिबल खाते, पण ती आरव्हीच्या खिडकीतून वळवताना नाकी नऊ येतात. त्यापेक्षा रेडिओच अँटेनाच्या पाठीला चिकटलेला असेल असं यंत्र घ्या आणि खाली साधी इथरनेट केबल आणा, वीजही त्याच केबलमधून वर जाते. युबिक्विटीसारख्या कंपन्यांची अशी यंत्रं मुळात इमारती जोडण्यासाठी बनतात, आरव्हीवाल्यांनी ती आपलीशी केली.

अँटेना कोणत्या आकाराचा? सगळीकडे बघणारा उभा दांडा, म्हणजे ओम्नी, की एकाच दिशेला बघणारा पॅनेल? दांड्याभोवतीचा किरणांचा आकार मेदूवड्यासारखा असतो. अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही, फक्त दाबून वळवते. त्यामुळे जास्त डीबीआयचा ओम्नी म्हणजे वडा दाबून केलेलं घावन: लांब पसरलेलं पण चपटं. गाडी थोडी तिरकी उभी असेल किंवा ॲक्सेस पॉइंट टेकडीवर असेल, तर ते घावन त्याच्या खालून किंवा वरून निघून जातं. म्हणून टपावर कायमचा दांडा लावायचाच असेल तर ५-६ डीबीआयवर थांबा. रोज गाडी चालवत असाल आणि दर मुक्कामी अँटेना फिरवायचा कंटाळा असेल तर ओम्नी ठीक. एका जागी आठवडाभर राहणार असाल तर पॅनेल. तो पाठीमागचा गोंगाटही ऐकत नाही, आणि गर्दीच्या कॅम्पग्राउंडमध्ये ही गोष्ट डीबीआयपेक्षा मोलाची ठरते. पॅनेल टपाच्या थोडा वर, दोन-तीन फुटांच्या नळीवर असू द्या. २०० मीटरच्या दुव्याला मधोमध लहरींची वाट सुमारे अडीच मीटर त्रिज्येची असते. नुसता खांब दिसला म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही.

गर्दीचा विषय निघाला म्हणून, माझ्या संशोधनाजवळचं थोडं. २००३ साली ह्यूस आणि सहकाऱ्यांनी ग्रेनोबलमधून एक शोधनिबंध लिहिला. त्यातली गोष्ट साधी आहे. वायफाय प्रत्येकाला बोलायची पाळी देतं, वेळ मोजून देत नाही. १५०० बाइटचं पाकीट ५४ एमबीपीएसवर पाठवायला पाव मिलिसेकंदही लागत नाही. तेच १ एमबीपीएसवर १२ मिलिसेकंद. लांबून कण्हत बोलणारा एक लॅपटॉप असला की जवळच्या सगळ्यांचा वेग त्याच्या पातळीला ओढला जातो. म्हणजे कॅम्पग्राउंडच्या टोकाला बसून उणे ८६ वर झगडणारे आपण स्वतःचंच नाही, शेजाऱ्यांचंही वाटोळं करत असतो. चांगला अँटेना लावला की आपण पटकन बोलून मोकळे होतो, आणि सगळ्यांना जागा मिळते.

याच कारणामुळे एकच रेडिओ असलेला स्वस्त रिपीटर मला आवडत नाही. तो प्रत्येक पाकीट ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा ओरडतो. हवेतला वेळ दुप्पट, तुमचा वेग जास्तीत जास्त निम्मा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, त्यात पन्नास गाड्या. तिथे हे परवडत नाही. दोन रेडिओवाला राउटर घ्या: एकाने बाहेरचं वायफाय पकडायचं, दुसऱ्याने ५ गिगाहर्ट्झवर गाडीत आपलं खासगी जाळं करायचं. लॉगिनचं पानही मग एकदाच भरावं लागतं, आणि मावशी-काकांचे फोन आपल्याच पासवर्डमागे राहतात.

मग दोन मैल शक्यच नाहीत का? आहेत की. २००७ साली व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी डोंगरमाथ्यावरून ३८२ किलोमीटर वायफाय नेऊन दाखवलं. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या 'डिजिटल गंगेटिक प्लेन्स' प्रकल्पात भास्करन रामन आणि सहकाऱ्यांनी साध्या वायफायने कित्येक किलोमीटर दूरची गावं जोडली, आणि तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलेच्या संशोधकांसोबत खेड्यांतली केंद्रं अशाच दुव्यांनी जोडून डोळे तपासले. पण तिथे दोन्ही टोकांना उंच जागा, दोन्ही टोकांना मोठे अँटेना, आणि पावतीची वाट किती वेळ बघायची हा नियमही बदललेला. तुमच्या हातात एकच टोक आहे. दुसऱ्या टोकाला कॅम्पग्राउंडच्या मालकाने लावलेली डबी आहे, आणि ती त्याने बहुधा ऑफिसच्या पत्र्याखाली लावलेली असते.

आणि त्या डबीच्या मागे काय आहे? ताईला मी सगळ्यात जास्त वेळ हेच समजावलं. मागे एकच जुनी डीएसएल लाइन असेल आणि ऐंशी गाड्या तिच्यावर सिनेमे बघत असतील, तर बूस्टरने तुम्हाला रिकाम्या नळापर्यंतचा उत्तम पाइप मिळतो. यासाठी फुकटची चाचणी आहे. पोचलात की फोन घेऊन ऑफिसपाशी जा, ॲक्सेस पॉइंट डोळ्यांना दिसेल इतकं जवळ, आणि वेग मोजा. पण दुपारी नाही. रात्री नऊला, सगळे जेवून गाडीत शिरल्यावर. तिथेच १ एमबीपीएस मिळत असेल तर कोणताही अँटेना काही करू शकत नाही. तिथे २० मिळत असतील आणि गाडीत शून्य, तर बूस्टर तुमच्यासाठीच बनलाय.

ताईने निघण्याआधी घराजवळच्या एका कॅम्पग्राउंडमध्ये एक रात्र काढून हे करून पाहिलं: ऑफिसपाशी १८, गाडीत काहीच नाही. मग तिने छोटा पॅनेल आणि दोन रेडिओचा राउटर घेतला, दोन मैलवाली पेटी नाही. पहिल्या दोन मुक्कामांत मीटिंगा सुरळीत झाल्या. तिसऱ्या ठिकाणी ऑफिसपाशीच दीड मिळाला, तेव्हा तिने तोच राउटर फोनच्या डेटावर लावला. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम सोबत ठेवा असं मी सांगतो. झाडं नसतील तर स्टारलिंकही आहे, पण दाट झाडी तिचंही आकाश झाकते. मध्ये एका संध्याकाळी अचानक सिग्नल पडला म्हणून तिचा फोन आला. अर्ध्या तासाने कळलं, मावशीने पॅनेलच्या नळीवर ओला टॉवेल वाळत घातला होता.

वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकच्या बाजूने जाणार असाल तर आधीच सांगतो, तिथे सिग्नलचा भरवसा धरू नका. रेडिओ दुर्बिणींसाठी १९५८ पासून तो सगळा भाग राखीव शांतता क्षेत्र आहे, आणि दुर्बिणींजवळ वायफाय, मायक्रोवेव्ह ओव्हन यांवरही बंधनं आहेत. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको. त्या दोन दिवसांची रजा टाका.

आणि एक राहिलंच. परत येताना 'भारतात घरी उपयोगी पडेल' म्हणून मोबाइल टॉवरचा बूस्टर बॅगेत टाकू नका, इथे खासगी माणसाने तो बसवणं बेकायदेशीर आहे. वायफायचा पॅनेल चालतो, २.४ गिगाहर्ट्झवर आपली मर्यादाही एकूण ४ वॉटचीच आहे.